उगमाला पूर, मुखाला बर्फ: लेना नदी आणि वर्खोयान्स्कचे डोंगर

लेना नदी समजून घ्यायची तर आधी ती कुठून कुठे वाहते ते पाहावं लागतं. ती दक्षिणेत उगम पावते आणि उत्तरेला आर्क्टिक महासागराला मिळते. सैबेरियात उन्हाळाही दक्षिणेकडूनच येतो, आणि सगळा घोळ तिथे सुरू होतो. एप्रिल सरता सरता नदीच्या वरच्या अंगाला बर्फ फुटू लागतो आणि वितळलेलं पाणी खाली धावत सुटतं. त्याच दिवसांत हजारो किलोमीटर खाली, मुखाशी, नदीवर दीड-दोन मीटर जाडीचा बर्फ जसाच्या तसा बसलेला असतो. तो हलायला जून उजाडतो. पाण्याची निघायची वेळ झालेली असते, पण पुढचं दार अजून बंद असतं.

आपल्याकडच्या नद्यांना पूर आणतो तो पाऊस. लेनाला पूर आणतं ते ऊन.

या प्रदेशाबद्दल आपण सुट्या सुट्या नवलाच्या गोष्टी ऐकतो: जगातली सर्वांत थंड गावं, खांबांवर उभी शहरं, विमानातून बॉम्ब टाकून फोडलेला नदीवरचा बर्फ. या गोष्टी वेगवेगळ्या नाहीत. नदीची वाट शेजारच्या डोंगररांगेने ठरवली आहे आणि तिचं वर्षाचं वेळापत्रक थंडीने. एवढे दोन धागे हातात धरले की बाकीचं आपोआप उलगडत जातं. डोंगररांगेचं नाव वर्खोयान्स्क. पलीकडच्या अंगाला याना नावाची नदी आहे, आणि ‘वर्ख’ म्हणजे वरचा. वरच्या यानावरचं गाव ते वर्खोयान्स्क, आणि गावावरून डोंगराला तेच नाव पडलं.

आधी नदीचा आवाका. लांबी सुमारे 4,300 किलोमीटर, म्हणजे गोदावरीच्या जवळजवळ तिप्पट. पाणलोट क्षेत्र सुमारे 25 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाचा पाऊण भाग. एवढ्या मोठ्या नदीच्या मुख्य प्रवाहावर आजही एकही धरण नाही. विल्युय या उपनदीवर आहे, पण खुद्द लेना मोकळी वाहते. माणसंही विरळ. नदीचा मोठा टापू ज्या साखा प्रजासत्ताकात येतो, ते आकाराने भारतापेक्षा थोडंसंच लहान आहे आणि तिथे राहणारे लोक आहेत साधारण दहा लाख. लेना हे नाव कानाला बाईचं वाटतं, पण ते रशियन नाही. इवेंकी लोकांच्या भाषेतल्या ‘मोठी नदी’ या अर्थाच्या शब्दावरून ते आलं, असं मानतात.

आता नकाशावर बोट ठेवू या. बैकल सरोवराच्या पश्चिमेला जी डोंगररांग आहे तिच्या उतारावर, सरोवराच्या काठापासून दहाएक किलोमीटरवर, लेना उगम पावते. जगातलं सर्वांत खोल सरोवर इतकं जवळ, पण त्याचं थेंबभर पाणीही तिच्या वाट्याला येत नाही. मध्ये डोंगराचा कणा आहे. बैकलचं पाणी अंगारा नदीतून येनिसेईकडे जातं, लेना आपल्या वाटेने दुसरीकडे. उस्त-कुत शहराशी रेल्वे नदीला भेटते. तिथून पुढे नदी ईशान्येकडे वळते आणि उजवीकडून विटिम, मग ओल्योक्मा येऊन मिळतात. साखाची राजधानी याकुत्स्क, तिच्या अलीकडे काठावर चुनखडकाचे सरळसोट सुळके उभे आहेत, जवळपास शंभर मीटर उंच. 50 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेला हा खडक. पाणी आणि पाण्याचा बर्फ यांनी तो उभा चिरून काढला. 2012 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

याकुत्स्क ओलांडलं की सपाट मुलूख लागतो. नदी पसरट होते, बेटांमधून फाटे फुटतात. उजवीकडून अल्दान ही थोरली उपनदी येऊन मिळते. आणि इथे नकाशावरचं आपलं बोट अडखळतं. आतापर्यंत ईशान्येकडे निघालेली नदी एकदम डावीकडे कलते, वायव्येकडे आणि मग उत्तरेकडे जाते. समोर काय आलं? वर्खोयान्स्कची रांग.

ही रांग कमानीसारखी आहे. सुमारे 1,200 किलोमीटर लांब, दक्षिणेला अल्दानच्या बाजूपासून थेट समुद्राजवळच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत. उंची फार नाही. सर्वांत उंच ठिकाणं 2,400 मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईहून सातशे-आठशे मीटरच जास्त. पण नदीला अडवायला उंचीपेक्षा सलगपणा लागतो आणि तो या रांगेत भरपूर आहे. नदी पुढचा सगळा प्रवास डोंगराच्या पायथ्याला धरून करते, उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला दूरवर सपाटी.

आता या डोंगराची जन्मकथा. या सगळ्या विषयात मला सर्वांत ओढ लावणारा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

सैबेरियाचा मधला भाग हा पृथ्वीच्या कवचाचा फार जुना, कठीण तुकडा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वेच्या कडेला समुद्र होता. जमिनीवरच्या त्या काळच्या नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन आपला गाळ त्या समुद्रात टाकत होत्या. वाळू, चिखल, पुन्हा वाळू. हे काम पंधरा-वीस कोटी वर्षं चाललं. गाळाचे थर एकावर एक चढत गेले, वजनाने तळ खचत गेला, आणि खचलेल्या जागेत नवा गाळ येत राहिला. थरांची एकूण जाडी कित्येक किलोमीटर झाली. वाळूचा वालुकाश्म झाला आणि चिखलाचा शेल.

मग पूर्वेकडून जमिनीचा दुसरा तुकडा सरकत आला. डायनासोरांच्या काळाच्या उत्तरार्धात तो सैबेरियाला येऊन भिडला आणि मधला सगळा गाळ चेपला गेला. सतरंजी एका बाजूने ढकलली की तिला वळ्या पडतात, तसे ते थर दुमडले, उचलले गेले, काही ठिकाणी फाटून पश्चिमेकडे एकमेकांवर चढले. हीच वर्खोयान्स्कची रांग. या डोंगराचा दगड फोडला तर आत जुन्या नद्यांचीच वाळू आहे.

डोंगर उभा राहिला तेव्हा त्याच्या भाराने शेजारची जमीन वाकली. जाड गादीच्या काठावर माणूस बसला की बाजूची गादी दबते, तसं झालं आणि डोंगराच्या पायथ्याला एक लांबच लांब खोलगट पट्टा तयार झाला. त्यात पुन्हा गाळ साचला, दलदली झाल्या, झाडं गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. सांगार गावाजवळच्या कोळशाच्या खाणी याच पट्ट्यातल्या. आणि आजची लेना आपल्या खालच्या टप्प्यात याच पट्ट्यातून वाहते. जुन्या नद्यांनी आणलेल्या वाळूचा डोंगर झाला, आणि त्या डोंगराने आजच्या नदीला वाट आखून दिली.

आता दुसरा धागा, थंडी.

वर्खोयान्स्क गाव डोंगराच्या पूर्वेला, यानाच्या खोऱ्यात आहे. 1892 च्या फेब्रुवारीत तिथे उणे 67.8 अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. आणि 20 जून 2020 रोजी त्याच गावात 38 अंश नोंदवले गेले. आर्क्टिक वृत्ताच्या वरच्या गावात 38! जागतिक हवामान संघटनेने ही नोंद तपासून मान्य केली आहे. एकाच जागी 105 अंशांहून जास्त फरक. समुद्र जवळ असला की तो हवेला फार तापू देत नाही आणि फार गोठूही देत नाही. मुंबईकरांना हे सांगायला नको. इथे मात्र पश्चिमेचा अटलांटिक हजारो किलोमीटर दूर, उत्तरेचा समुद्र हिवाळाभर गोठलेला, आणि पूर्वेकडचा पॅसिफिक डोंगरांमागे.

पण एवढ्याने उणे 67 होत नाही. खरी करामत खोऱ्याच्या आकाराची आहे. हिवाळ्यात सैबेरियावर जास्त दाबाची जड हवा बसते. वारा पडतो, आकाश निरभ्र राहतं, सूर्य जेमतेम उगवतो. बर्फाने झाकलेली जमीन आपली उष्णता रात्रंदिवस वर फेकत राहते आणि वरून परत काही मिळत नाही. गार झालेली हवा जड असते. ती उतारावरून ओघळते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेल्या खोऱ्यातून तिला बाहेर पडायला जागा नसते. म्हणून तिथे हिवाळ्यात डोंगर चढू लागलं की थंडी वाढण्याऐवजी कमी होते.

ही गोष्ट आपल्यालाही अगदीच अनोळखी नाही. महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याची बातमी येते ती वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागातून. वर बाजारपेठेत त्याच पहाटे तापमान काही अंशांनी जास्त असतं. तत्त्व तेच, फक्त तिथे ते महिनोन् महिने चालतं.

इथे मनात एक प्रश्न यायलाच हवा. जगातली इतकी कडक थंडी आणि शेजारी डोंगर, मग हिमालयासारख्या मोठाल्या हिमनद्या कुठे आहेत? जवळजवळ नाहीतच. रांगेच्या उत्तरेकडच्या ओरुलगान भागात काही छोट्या हिमनद्या आहेत, तेवढ्याच. कारण हिमनदीला नुसती थंडी पुरत नाही, बर्फ पडावा लागतो, आणि त्यासाठी हवेत बाष्प लागतं. पश्चिमेकडून येणारे ढग इथवर पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. उरलंसुरलं बाष्प या रांगेचा पश्चिम उतार काढून घेतो. पलीकडे वर्खोयान्स्क गावात वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. एवढं आपल्या कोकणात जुलैच्या एका दिवसात पडू शकतं.

मग इतक्या कमी पाण्यावर लेनाच्या दोन्ही काठांना मैलोन् मैल जंगल कसं? उत्तर जमिनीखाली आहे.

इथली जमीन पर्माफ्रॉस्टची, म्हणजे कायमची गोठलेली आहे. याकुत्स्कच्या आसपास उन्हाळ्यात वरची मीटर-दोन मीटर माती सुटते, त्याखाली शेकडो मीटर सगळं दगडासारखं. विल्युयच्या खोऱ्यात काही ठिकाणी गोठलेल्या थराची जाडी दीड किलोमीटरच्या घरात जाते. पडलेलं पाणी खाली झिरपू शकत नाही, ते वरच्या मातीत अडून राहतं. लार्चची झाडं तेच पितात. त्यांची मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. सूचिपर्णी असूनही लार्च हिवाळ्यापूर्वी पिवळा होतो आणि आपल्या सगळ्या सुया गाळून टाकतो. उणे पन्नासमध्ये पानं सांभाळण्यापेक्षा दरवर्षी नवी काढणं त्याला परवडतं.

या जमिनीचा थांग लावायचा पहिला मोठा प्रयत्न पाण्यासाठी झाला. याकुत्स्कमध्ये एका व्यापारी कंपनीच्या शेर्गिन नावाच्या अधिकाऱ्याने 1828 मध्ये विहीर खणायला घेतली. नऊ वर्षं खणणं चाललं. 116 मीटर खाली गेले, तरी गोठलेली माती संपली नाही आणि पाणी लागलं नाही. विहीर म्हणून ती वाया गेली. पण काही वर्षांनी मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने तिच्यात वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं आणि गोठलेल्या जमिनीच्या अभ्यासाला पहिल्यांदा आकड्यांचा आधार मिळाला. याकुत्स्कमध्ये ती विहीर अजून आहे.

अशा जमिनीवर घर थेट बांधलं, तर घराची ऊब खाली उतरते, खालचा बर्फ सुटतो आणि भिंती कलतात. म्हणून इथल्या इमारती जमिनीत खोल रोवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर उभ्या असतात. खालून मीटर-दीड मीटर मोकळी जागा सोडलेली, हिवाळ्याचा वारा तिथून फिरावा म्हणून. आपण पाया ओलीपासून जपतो, ते पाया उबेपासून जपतात. पाण्याचे आणि वाफेचे पाइपही जमिनीवरून जातात, आणि रस्ता आडवा आला की कमानीसारखे वर चढून पलीकडे उतरतात.

नदीकाठच्या आणि तळ्याकाठच्या गावांत पिण्याचं पाणी मिळवायची जुनी रीत आजही चालू आहे. नोव्हेंबरात बर्फ हातभर जाड झाला की लोक एकत्र जमून करवतीने त्याच्या लाद्या कापतात, आकड्याने ओढून वर घेतात आणि अंगणात ओळीने उभ्या करून ठेवतात. निळसर, काचेसारख्या लाद्या. लागेल तशी एक घरात आणायची, फोडायची, चुलीजवळच्या पिंपात टाकायची. उन्हाळ्यासाठीच्या लाद्या गोठलेल्या जमिनीत खणलेल्या तळघरात जातात. वाया गेलेल्या विहिरीच्या शेजारी ही सोय पाहिली, की वाटतं, पाणी खाली शोधण्यापेक्षा वर गोठलेलं उचलणं इथल्या माणसाने कधीच शिकून ठेवलं होतं.

गोठलेली नदी हा रस्ताही असतो. याकुत्स्कपाशी लेनावर अजून पूल नाही. साडेतीन लाखांहून अधिक वस्तीचं शहर पश्चिम काठावर, आणि रेल्वे येऊन थांबते ती पूर्व काठावर. उन्हाळ्यात फेरीबोट, आणि साधारण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फावरून गाड्या. अडचण होते मधल्या आठवड्यांत. बर्फ मोटार पेलण्याइतका जाड नसतो आणि बोट चालण्याइतका पातळही नसतो.

आता पुन्हा मे महिन्याकडे येऊ, कारण नदीचं वर्ष तिथे फिरतं.

हिवाळाभर लेना अगदी क्षीण असते. गोठलेल्या जमिनीतून झिरपून येणारं पाणी जवळपास नसतंच. मग काही आठवड्यांत सहा-सात महिन्यांचा साठलेला बर्फ एकदम सुटतो. खालच्या टप्प्यात नदीच्या वर्षभराच्या पाण्यापैकी एक तृतीयांशाहून जास्त पाणी एकट्या जूनमध्ये वाहतं. वरून येणारं पाणी पुढचा बर्फ उचलतं, मोडतं, त्याचे मोठमोठे तुकडे ढकलत नेतं. वळणावर, बेटापाशी, अरुंद जागी हे तुकडे अडतात, एकमेकांवर चढतात आणि बर्फाचाच बांध तयार होतो. पाणी मागे तुंबतं. काही तासांत ते कित्येक मीटर चढतं.

2001 च्या मे महिन्यात लेन्स्क शहराखाली असाच बांध झाला. पाणी सुमारे वीस मीटर चढलं आणि जवळपास सगळं शहर बुडालं. बर्फ फोडायला लढाऊ विमानांनी बॉम्ब टाकले. शहर नंतर नव्याने बांधावं लागलं. त्या वर्षीचा हिवाळा फार कडक गेला होता, बर्फ नेहमीपेक्षा जाड होता, आणि वसंत एकदम उष्ण झाला. तीन गोष्टी एका वेळी जुळल्या.

बॉम्ब हा शेवटचा उपाय. त्याआधी दरवर्षी दोन कामं निमूटपणे केली जातात. धोक्याच्या जागी बर्फात करवतीने लांब चिरा पाडून ठेवतात, म्हणजे तो लहान तुकड्यांत फुटतो. आणि बर्फावर कोळशाची भुकटी किंवा राखमिश्रित वाळू पसरतात. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळा झालेला शोषतो आणि लवकर पोखरतो. मला दुसरा उपाय फार आवडतो, कारण त्यात नदीशी झटापट नाही, उन्हालाच थोडं पुढे बोलावलेलं आहे.

डोंगराच्या कुशीतल्या लहान नद्यांची तऱ्हा याहून निराळी. तिथे जमिनीतून येणारे झरे हिवाळ्यातही चालू असतात. पात्रातला बर्फ जाड होऊन खालची वाट बंद झाली की पाणी फटीतून वर येतं, पसरतं आणि गोठतं. त्यावर पुन्हा पाणी, पुन्हा बर्फ. उन्हाळ्यापर्यंत या थरांची मैदानं होतात आणि जुलैच्या उन्हातही हिरव्या दरीत पांढरी चादर पडलेली दिसते. साखा भाषेत तिला ‘तारिन’ म्हणतात.

उत्तरेला क्युस्युर गाव गेलं की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. वर दहा-दहा किलोमीटर पसरणारी नदी इथे दोनेक किलोमीटरच्या चिंचोळ्या वाटेत शिरते. नाविक या भागाला ‘लेनाची नळी’ म्हणतात. नळी संपते तिथे स्तोल्ब नावाचं शंभर मीटरहून उंच खडकाचं बेट पात्राच्या मधोमध उभं आहे. त्याच्यापुढे नदी पंख्यासारखी उलगडते. सुमारे 30,000 चौरस किलोमीटरचा त्रिभुज प्रदेश, असंख्य फाटे, बेटं आणि तळी. यातली सगळीच जमीन आजच्या नदीने आणलेली नाही. काही उंच बेटं हिमयुगातल्या जुन्या बर्फाळ मैदानाचे उरलेले तुकडे आहेत. त्यांचे कडे उन्हाळ्यात ढासळतात आणि आतला हजारो वर्षांचा बर्फ उघडा पडतो.

हा प्रदेश माणसाला किती चकवतो याचं उदाहरण 1881 सालचं आहे. जेनेट हे अमेरिकन जहाज आर्क्टिकच्या बर्फात चिरडलं गेलं आणि खलाशी तीन होड्यांतून लेनाच्या मुखाकडे निघाले. एक होडी वादळात गेली. जहाजाचा अभियंता मेलव्हिल याची होडी पूर्वेकडच्या फाट्यात शिरली, तिथे वस्ती होती, ते वाचले. कप्तान डी लाँगची तुकडी उत्तरेच्या ओसाड बाजूला उतरली. सप्टेंबर संपत आला होता, फाटे गोठत होते, पण पूर्ण गोठले नव्हते. होडी चालेना आणि बर्फ वजन पेलेना. मदतीसाठी पुढे पाठवलेले दोघेच त्या तुकडीतून वाचले.

स्तोल्बपासून पुढे गेलेला गाळ लाप्तेव समुद्रात पडतो, वर्षाला साधारण दोन कोटी टन. नदीच्या आकाराच्या मानाने हा फार थोडा, कारण खोऱ्यातली माती गोठलेली असल्याने सहज सुटत नाही. जिथे तो पडतो, त्या समुद्राच्या तळाखालून युरेशिया आणि उत्तर अमेरिका या दोन भूपट्टांची सीमा जाते. इथे ते पट्ट एकमेकांपासून हळूहळू दूर सरत आहेत. 1927 मध्ये मुखाजवळच्या बुलुन भागाला मोठे भूकंप बसले ते याच ओढाताणीतून. तळ ताणला जातो आहे, खचतो आहे, आणि खचलेल्या जागेत लेना दर जूनला नवी वाळू आणून टाकते आहे.